वाघीण

खोक्यावरच्या चित्रात हिरवी टेकडी आहे, धुकं आहे,
आणि एक उघडी वाघीण,
जिच्यात कुणी कधी काही भरलेलं नाही.
आत करड्या प्लॅस्टिकचे अठ्ठावीस तुकडे,
एकाच चौकटीला चिकटलेले.
अनुजनं पुण्याहून पाठवलं: आत्या, तुझा हात स्थिर आहे,
जोडून दे. माझ्या टेबलावरच्या गाडीला डबे कमी पडतात.

सरकारी मराठीत मालडब्याला वाघीण म्हणतात.
दुसरीत असताना मी बाईंना सांगितलं होतं,
आमचे बाबा रात्री अजनीला वाघिणी तपासायला जातात,
हातात नुसती एक हातोडी असते.
बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

मे महिना. चंद्रमणीनगरात दिवस चढला की
चिकटद्रव ब्रशच्या टोकावरच वाळतं,
तुकड्यापर्यंत पोचतच नाही.
म्हणून पहाटे पाचला बसते.
नेलकटरनं एकेक भाग चौकटीतून सोडवायचा,
कडेला राहिलेलं कोंब ब्लेडनं खरवडायचं,
फुंकायचं, जोडायचं, शंभरपर्यंत मोजायचं.

बाबा बशीत चहा ओतून बघत बसतात.
श्रावण रंगारी. आडनाव रंगारी,
आयुष्यभर चालवला तो खडू,
डब्याच्या अंगावर, कंदिलाच्या उजेडात.
तिसऱ्या दिवशी बोलले:
"दार बरोबर लागून राहिलं ना हे."
हो, म्हटलं, छान बसलंय.
"तेच म्हणतो. काहून?
बरोबर दार लागणारा डब्बा
मी तर नाही पाहिला बाप्पा."

मग मी कापायला घेतलं.
कडी उडवली, तिथं तांब्याच्या तारेचा पीळ दिला.
ब्रेकचा दांडा मेणबत्तीवर धरून किंचित वाकवला
("अजून. कोणीतरी पाय देऊन चढला असंन ना त्याच्यावर").
कोरा नंबर घासून पुसट केला.
कुलरच्या टाकीतला गंज चमच्यानं खरवडला,
वस्त्रगाळ करून ओल्या ब्रशनं
सांध्यासांध्यात बसवला.
या घरात गंज विकत आणायची गरज नाही.

रंग वाळायला गच्चीच्या पत्र्यावर ठेवली
आणि बँकेत गेले.
परत आले तो दोन वाजलेले.
दोन्ही भिंती बाहेर फुगलेल्या, कडा लाटेसारख्या.
आठ दिवसांचं काम.
मी तशीच पायरीवर बसले, चप्पल न काढता.

बाबांनी ती हातावर घेतली.
उलटी केली, सुलटी केली,
पोटावरून अंगठा फिरवला, दोनदा.
"हां," म्हणाले. "आता कोळसा भरला होता याच्यात."

मग माझ्या केसातली पिन मागितली.
पहिल्या चाकावर टक्.
उजवा कान खाली नेला. डावा यार्डातच राहिला.
दुसऱ्यावर टक्.
चांगलं चाक वाजतं, मला शिकवलं होतं त्यांनी,
तडा गेलेलं मडक्यासारखं बोलतं.
प्लॅस्टिक काय बोलणार?
तिसऱ्यावर ते थांबले,
पुन्हा टक् केलं, डोळे मिटून,
आणि गल्लीतला भंगारवाला पुढे जाईपर्यंत तसेच थांबले.

औषधाच्या चिठ्ठीचा कोपरा फाडला,
नखाएवढा. लाल पेनानं लिहिलं: सिक.
भाताच्या शितानं डब्याच्या कुशीला चिकटवलं.
"हे पुढं नाही पाठवता येत," म्हणाले.
पुढं म्हणजे?
"पुण्याले."

संध्याकाळी अनुजचा फोन. झालं का गं?
सिक लाइनवर उभी आहे, म्हटलं.
म्हणजे किती दिवस?
थांब, विचारते.
बाबा बाहेर पाइपनं कुलरमध्ये पाणी भरत होते.
मी विचारलं. डाव्या बाजूनं विचारलं गेलं बहुतेक.