टपालवाली

एकतीस वर्षं मी या बेटावर टपाल वाटलं.
आधी सायकल, मग नारिंगी व्हॅन,
समुद्र गोठला की पलीकडच्या दोन घरांसाठी स्की.
तीन कुत्रे चावले, तिन्ही डाव्या पोटरीला.
म्हणून डॉक्टर पिरेत कागदावर गोल काढून समजावू लागल्या
तेव्हा हेल्डुरच्या आधी मला कळलं.

म्हणाल्या, विषाणू आत शिरला की
पहिली पेशी चिठ्ठी धाडते
शेजारणीला, तिच्या शेजारणीला:
कड्या लावा, आलाय.
यांच्या रक्तात असे पहारेकरी निपजलेत
जे विषाणूला हात लावत नाहीत,
चिठ्ठी नेणाऱ्याला वाटेत धरतात.
"म्हणजे घरचाच कुत्रा," मी म्हटलं,
"चोराला सोडून पोस्टमनला चावतो."
त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

कॅन्सर सहा वर्षांचा. संथ.
भाडं न देणाऱ्या, पण भांडणही न काढणाऱ्या
भाडेकरूसारखा राहतो.
पांढऱ्या पेशींचा आकडा फ्रिजवर,
फेरीबोटीच्या वेळापत्रकाशेजारी.
त्याची भीती मला नव्हती.
पण मागल्या हिवाळ्यात कमरेवर नागीण उठली,
आणि लीसुने बालवाडीतून शुक्रवारी आणलेली,
रविवारी विसरलेली सर्दी
तिच्या आजोबांनी मार्चपर्यंत छातीत सांभाळली.
वय झालं, म्हणालो आम्ही.
पत्रं पोचलीच नव्हती.

या कुत्र्याला साखळी नाही,
निदान पिरेतच्या कपाटात तरी नाही.
लस घ्या, गोळी लवकर सुरू करा,
आणि अडतीस.
अडतीस झाला की फोन,
रात्रीचे तीन असोत, वादळ असो.
"संकोच करायचा नाही," हे त्या हेल्डुरला म्हणाल्या
आणि बघत राहिल्या माझ्याकडे.

चव्वेचाळीस वर्षांत या माणसाने
दुखतंय असं स्वतःहून सांगितलेलं नाही.
लाकडं फोडताना बोट मोडलं,
तेही मला शेजारच्या एल्लीकडून कळलं.
निरोप अडवायची सवय रक्तात उतरली
की रक्तातूनच वर आली, कोण जाणे.

परतताना डेकवर वारा.
तो म्हणाला, तुला परत काम लागलं.
मी म्हटलं, तेही पेन्शनीत.

आता रात्री दोनदा उठते.
मुरी दाराशी शेपूट आपटतो; त्याच्यावर राग नाही.
हेल्डुरच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावते,
तळव्यापेक्षा ती खरं बोलते.
तो झोपेचं सोंग घेतो, मी ते खपवून घेते.
बूट दाराशी. जुन्या टपालाच्या पिशवीत
रिपोर्ट, गोळ्या, टॉर्च, लोकरी मोजे.

काल सदतीस पाच.
काही न बोलता खुर्ची ओढून बसले.
बऱ्याच वेळाने अंधारातून:
"लेइदा, थंडी वाजतेय मला."

पहिलं पत्र.
थर्मामीटर शोधता शोधता मी घड्याळ पाहिलं
आणि सवयीने त्यावर शिक्का मारला,
दोन वाजून दहा मिनिटं.