गोठ्यातली नाचणी

यंदा नाचणी जास्तच वाढली.
दर वर्षी इनास पेरायचा,
नाताळआधी पंधरा दिवस, डबड्याच्या झाकणांत,
मूठ मोजून.
यंदा मी पेरली, हात सैल पडला,
आणि एकतीस तारखेला सकाळी बघते तर
मेंढपाळ कमरेपर्यंत बुडालेले,
उंटाची नुसती मान वर
आणि बाळ येशू कुठे दिसेचना.

कपडे बेतायची कात्री घेतली.
या कात्रीला मी कागद लावू देत नाही कुणाला.
फियोनाला एकदा धपाटा घातला होता
नक्षत्राच्या लाल कागदापायी.
आज तिनेच गवत कापलं, बोट बोट,
खाली चाचपत,
दाढी करताना हनुवटी धरावी तसं.
सापडलं बाळ. कुशीवर कलंडलेलं,
कोपराचा रंग उडालेला, गालावर मुंगी.

फियोना आता स्विंडनला असते,
गोदामात रात्रपाळी करते.
म्हणते, मम्मा, इथे चारलाच काळोख.
मी म्हटलं, मग तिन्हीसांजेचा आंज तू
माझ्याआधी म्हणत असशील.
हसली. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी पोरं आली,
सेबी, रोमाल्द आणि शाबू नायकाचा मधला.
म्हातारा तयार होता त्यांचा, सरतं वर्ष,
पेंढा भरून, पोटात फटाके कोंबून.
फक्त नागडा होता.
"आंटी, जुने कपडे?"
माझ्याकडे गावभरचे कपडे:
नवरदेवाचा कोट, आखूड करायची पँट,
पाद्रींचा झगा, बगलेत उसवलेला,
तीन आठवडे खुंटीवर.
पण ते सगळे परत करायचे.
आपलं म्हणावं असं एकच होतं.

इनासचा निळ्या चौकड्यांचा शर्ट.
कॉलर फाटली तेव्हा उलटवून दिली होती मी.
दुसऱ्यांदा उलटवायला
कॉलरला बाजूच नसते.

दिला. देताना बटणं काढून घेतली,
सवय माझी.
पाच निघाली.
सहावं लावायचं कधीचं राहून गेलेलं.
रोज सांगायची, काढ, लावून देते,
तर म्हणायचा, असू दे गं,
वारा लागतो.

संध्याकाळी इगर्जेत ते देऊम.
पाद्री म्हणाले, सरत्या वर्षातल्या
सगळ्यासाठी देवाचे आभार माना.
सगळ्यासाठी?
मी शिवणाची वही उघडावी तशी मनात उघडली.
जून: मशीनचा पट्टा तुटला,
कामतांनी फुकट बसवून दिला. आभार.
ऑक्टोबर: मावशी सांतानला पुन्हा दिसू लागलं,
पहिल्यांदा माझे पांढरे केसच दिसले. आभार.
फेब्रुवारी.
त्या पानावर इनासचं माप आहे,
पुरायच्या कोटाचं,
मीच घेतलेलं, तो हलत नसताना.
शेजारची कामिल आमेन म्हणाली,
अख्खी इगर्ज आमेन म्हणाली,
मी ते पान दुमडून ठेवलं.
देवा, रागावू नकोस.
तुझे पाद्रीसुद्धा थांबलेत
तीन आठवडे.

बाराला घंटा झाली. तळ्याच्या वाटेवर
म्हातारा पेटला.
मी लांबच उभी राहिले.
शर्ट त्याला छान बसला होता,
खांद्यांत भरलेला,
गेल्या वर्षी इनासला बसायचा त्याहून नीट.
मग शाबूचा पोर ओरडला,
"आंटी, याला बटणंच नाहीत!"
म्हटलं, असू दे रे.
वारा लागतो.

घरी आले. गोठ्यातला दिवा चालूच राहिलेला,
कापलेल्या गवतात बाळ उघडं,
बैल त्याच्याकडे बघत.
कापलेली नाचणी पदरात भरून
शाबूच्या शेळीपुढे टाकली,
तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं.
झोप येईना.
खुंटीवरून पाद्रींचा झगा काढला.
उसवण एवढीशी होती.
दहा टाके.
अकरावा उगाच घातला.