अकरावा नंबर

रविवारी सिडकोत, गांगुर्डेच्या खोलीवर
उघड्या चाकांच्या गाड्या, आवाज बंद.
समालोचक फार बोलतो म्हणून
इंजिन गांगुर्डे स्वतःच काढतो, तोंडाने,
गिअर बदलताना जरा खोकतो.

अंबडला बेअरिंगच्या रिंगा घासणारा माणूस,
पहिल्याचं त्याला कौतुक नाही.
"तो एकटाच पळतोय, त्यात काय बघायचं?
अकराव्याला दाखवा की, लेको!"
कॅमेरा ऐकत नाही.

मध्येच सिमेंटची जाहिरात.
परत येईतो चारही चाकं बदललेली,
अकरावा तेरावा झालेला.
कसा, ते कुणीच पाहिलं नाही.
गांगुर्डे चिवडा चावायचा थांबतो.

सोमवारी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला
त्याच्या स्कूटरवर मागे मी.
पुढे दहा गाड्या.
हिरवा व्हायच्या आत
तो हळूच खोकतो.