पंधरा, अकरा, तीन

दोनापावलच्या चढावर आमची खोली.
खिडकीतून दिसतात मुरगांवच्या वाटेवर खोळंबलेली बार्जेस.
आग्वादसमोर सोडलेला पिवळा बोया
दर दहा मिनिटांनी पाण्याचा खारेपणा कळवतो.
वाटेत एखाद्या ट्रॉलरच्या इंजिनानं चावलेले बिट
इथं पोचल्यावर दुरुस्त होतात.
माझं काम फॉर्म भरायचं.

केंकरेबाई गणिताच्या. त्या लिहितात: सात, चार, तीन.
अख्खा शब्द सातांचा, त्यात मजकूर चारांचा,
आणि एका शब्दापासून दुसऱ्याचं अंतर
कमीत कमी तीन.
कायतान फुर्तादो डिस्कांची कपाटं सांभाळतो.
तो म्हणतो, चार अधिक तीन.
चार माल, तीन राखण,
एकूण किती ते तू मोज, बोटं आहेत ना?
हळर्णकर नेव्हीतून निवृत्त झालेले वायरलेसवाले.
ते नुसतं चार सप्तमांश म्हणतात
आणि चहा मागवतात.

वर्षभर तिघं एकच बोलत होते,
निदान मला तसं वाटलं,
कारण बाईंचा तीन आणि कायतानचा तीन
म्हणजे एकाच वाड्यावरचे एकाच नावाचे दोन इसम,
ज्यांची पत्रं कधी चुकली नव्हती
कारण पत्रं कधी आलीच नव्हती.

एप्रिलात आम्ही लांब शब्द घेतला.
बाईंनी चिठ्ठी दिली: पंधरा, अकरा, तीन.
ती कायतानच्या टेबलावरून माझ्याकडे आली.
पंधरातून अकरा गेले, उरले चार. मग हे तीन कुठले?
घाईत झालं असेल बाईंचं, तो म्हणाला,
आणि निळ्या पेनानं तीनचा चार केला.
अगदी मायेनं.
चूक दिसली की सुधारायची,
हेच तर आमचं खातं.
मी चार टाइप केला.

अंतर चार असलं
तर दोन बिट बिघडल्याचं यंत्राला कळतं
आणि ते हात वर करतं.
अंतर होतं तीनच.
दोन बिघडले की ते निमूट तिसराही बिघडवायचं,
आणि वर शिक्का: दुरुस्त.

सतरा तारखेला पहाटे दोन चाळीसला
आग्वादसमोरचा समुद्र गोडा झाला.
कागदावर. अर्धा तास.
भर उन्हाळ्यात, पिण्याजोगा.
घागर घेऊन जायला हवं होतं रे, हळर्णकर म्हणाले.
बाई हसल्या नाहीत.
कायतान निळं पेन खिशातून काढून
ड्रॉवरमध्ये ठेवत होता.

संध्याकाळी मिरामारच्या सर्कलवर बस थांबली.
दाराला लोंबकळत कंडक्टर ओरडला:
पोणजें, पोणजें, पोणजें!
एक वाऱ्यानं नेलं, एक हॉर्ननं अर्धं खाल्लं.
तरी माणसं चढली.
बसच्या कपाळावर पणजी,
तिकिटावर पंजिम,
उतरलो सगळे एकाच स्टँडवर.
ह्याला कुणी कोड म्हणत नाही.
तीनदा ओरडणं म्हणतात, किंवा
नुसता घसा.

फॉर्मात आता एक रकाना वाढलाय: कशाचे?
बाई लिहितात अंतर. कायतान लिहितो राखण.
हळर्णकर रिकामा सोडतात, मग मी
त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो.

तो अर्धा तास मात्र मी पुसलेला नाही.
विचारलं कुणी, तर सांगेन
त्याचं नाव अजून ठरायचंय.