थोरली

नगरपालिकेचा कागद इंग्रजीत टाइप केलेला:
थॉर्नली पॉइंट, बोर्ड एक, सहा बाय तीन,
पिवळ्यावर काळं, मजकूर मराठीतून.
तळाशी कुणा क्लार्कनं पेननं वाढवलेलं:
बाण काढणे. धाकली, दोनशे मीटर.

वाईहून डबे घेऊन पसरणीचा घाट चढलो,
पाचगणीत सात जणांना वाट विचारली.
थॉर्नली कुणालाच माहीत नव्हती.
'थोरली म्हना की,' हौसाबाई ढेबे म्हणाल्या
कणीस फिरवता फिरवता,
'ही थोरली. पल्याड बुटकी, ती धाकली.'

थोरली का, तर दोन जावांची गोष्ट निघाली.
एका चुलीवरनं भांडण,
मोठी रुसून कड्यावर बसली ती उठलीच नाही,
धाकटी बोलवायला गेली, तिचाही दगड झाला.
'बगा, पदर दिसतोय.'
दिसला. गोष्ट ऐकल्यावर दिसतोच.

दुपारी एक गोरा म्हातारा आला,
गुडघ्याला पट्टा, हातात पासपोर्ट.
नाव दाखवलं. थॉर्नली.
घोडेवाल्या नवनाथनं निम्मं समजून निम्मं जोडून सांगितलं:
लीड्समध्ये बस चालवायचा,
पॉइंटवाला साहेब त्याचा कुणी नव्हे,
नुसतं नाव जुळलं म्हणून वाट वाकडी केली.
तिकडं थॉर्नली नावाची गावं आहेत.
कधीतरी तिथला एकजण परगावी गेला
आणि लोकांनी त्याला गावाच्याच नावानं हाक मारली.
'म्हणजे थॉर्नलीकर,' मी म्हणालो.
म्हाताऱ्याला 'कर' कळेना.
'त्यांच्यात कर नसतंय,' नवनाथ म्हणाला,
'गावच अंगात घालून हिंडत्यात.'

आणि अर्थ?
त्यानं करवंदीच्या जाळीत हात घातला,
बोटावर आलेला थेंब दाखवून हसला.
थॉर्न म्हणजे काटा,
ली म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा.
एवढंच? असली नावं आमच्याकडं पोत्यानं,
बोरगाव, खैरवाडी, बाभूळमाळ.
'गाव पाहिलंय का?' विचारलं.
नाही, कधी गेलो नाही.

मग मीही माझं सांगितलं. मुजावर.
दर्ग्यातला दिवा आजोबांच्या आधीच सुटला,
मी लावतो तो फक्त प्रायमर.
हे नवनाथनं कसं सांगितलं कोण जाणे,
म्हातारा बराच वेळ मान हलवत राहिला.

तो गेल्यावर पट्टी धरून मोजलं.
थॉर्नलीला चार अक्षरं, थोरलीला तीन.
कान्यावर चंद्र ठेवला की साहेब,
मात्रा दिली की जाऊ.
रेघ मारली, पुसली.
टर्पेंटाइनचा वास, खालून धोम धरणाचं पाणी
आणि दरीतून वर येणारी वाऱ्याची शिट्टी.

कागदाचं ऐकलं. बिल कागदावरच निघतं.
चंद्र काढला, न वर रफार बसवला,
खाली बाण, खाली धाकली.
लांबून बघितलं तेव्हा ध्यानात आलं,
वर काट्यांची मोकळी जागा, खाली एक धाकली,
आणि ती कुणाची धाकली
हे बोर्डावर कुठंच नाही.

हौसाबाईंना वाचता येत नाही.
कोळसे विझवून, पदरानं हात पुसत आल्या,
पिवळ्यावरचं ओलं काळं बघितलं.
'झ्याक. लिवलंसा नव्हं थोरली?'

मी ब्रश रॉकेलात बुडवला,
आणि तो बराच वेळ धूत राहिलो.