दोन रेघा

मार्चात तालुक्याहून पंचवीस किट आले.
वापरले सोळा, वहीत तेरा.
त्या तिघांचा हिशेब अजून कुणी मागितला नाही
आणि मी दिला नाही.

बोटनपल्लीचं उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या,
एक वजनकाटा, आणि ऊन असलं तरच चालणारा फ्रीज.
मी आरमोरीकडची. माडिया येत नव्हती.
जुरी तिम्मानं पहिला शब्द शिकवला, नोयता. दुखतंय.
कुठं, ते विचारायला भाषा लागत नाही,
बोट पुरतं.

त्या रात्री दार नाही, खिडकी वाजली.
चौघांनी एक खाट आणलेली,
खाटेवर एक पोरगा, वर दोन घोंगड्या, तरी खाट हलत होती.
मी म्हटलं, ते बाहेर ठेवा. मोहाखाली.
एकमेकांकडे पाहत राहिले.
म्हटलं, आत बाळंतीण व्हायची बाई आहे.
होतीच. देवे,
भिंतीकडे तोंड करून, कळ आली तरी श्वास धरून.

मोहाला टेकवलेल्या लोखंडाचा आवाज
मी चार वेळा मोजला.

बोटाला सुई टोचली. थेंब पट्टीवर.
मग पंधरा मिनिटं.
पंधरा मिनिटं एका खोलीत
कुणी काही बोललं नाही.
बाहेर मोहाची फुलं पडत होती, एकेक,
टप्प करून,
आणि दर टप्पला सगळ्यांच्या माना दाराकडे.

दोन रेघा.
वय? म्हटलं.
अठरा, तो म्हणाला.
काट्यावर उभा केला, दोघांनी बगलेत धरून.
मी काट्याकडे पाहिलं, त्याच्या ओठावरच्या लवेकडे पाहिलं,
हातातलं पांढरं पाकीट परत ठेवलं
आणि लाल काढलं.
लाल म्हणजे नऊ ते चौदा.
रंग आरोग्य खात्यानं ठरवलाय, मी नाही.
कुणी काही म्हणालं नाही.
सगळ्यांत मोठ्यानं फक्त मान खाली घातली.

मग त्यांच्यातल्या अजून दोघांची बोटं टोचली,
कारण डोळे तसेच पिवळे होते.

पहाटे देवेला मुलगी झाली. दोन किलो चारशे.
खोलीत तेव्हा घोंगड्यांचा वास उरला होता.

पाचव्या दिवशी जवान आले.
त्यांच्यातला एक बुलढाण्याकडचा, नवीन लग्नाचा,
दातावर दात वाजत होते, तरी मला ताई म्हणाला.
रायफल त्यानं न सांगता मोहाला टेकवली.
साल जिथं सोललेली होती, तिथंच.
पंधरा मिनिटं.
दोन रेघा. पांढरं पाकीट.
हा वहीत आहे, नावानिशी.

साहेब वही चाळत म्हणाले,
रात्री इथं कोण कोण येतं, सिस्टर?
ताप येतो, म्हटलं.
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

आई फोनवर म्हणते, बदली माग ना वं.
अर्ज लिहिलेला आहे. फ्रीजमध्ये,
लसींच्या खालच्या कप्प्यात, थंड राहावा म्हणून.

माझी खरी भीती वेगळीच आहे.
गोळ्या तीन दिवसांच्या असतात.
दुसऱ्या दिवशी बरं वाटतं
आणि पोरं सोडून देतात.
बरं वाटलं की पळायला लागतात, धावायला,
जे काय करायला लावतात ते करायला.

म्हणून आता प्रत्येक गावात, बाजारात,
पर्लकोटेच्या नावेत,
ज्याला ताप नाही त्यालाही मी मोठ्यानं सांगते,
तिसऱ्या दिवशीची गोळी ठेवायची नाही रे,
खायची.
नावाडी म्हणतो, सिस्टर, कुणाला सांगता?
पलीकडं तर जंगलच आहे.