सोडण्याचे कारण

वाळूजला, टाइम ऑफिसच्या खिडकीआड
माझ्या ड्रॉवरात परत आलेली ओळखपत्रं.
पगार सात तारखेला,
आठला मशीन रिकामं.
रजिस्टरात एक रकाना आहे : सोडण्याचे कारण.
अकरा वर्षं एकच लिहीत आलो – वैयक्तिक.
लिहायला सोपं, विचारावं लागत नाही.

सात नंबरच्या प्रेसवर तर
नाव पाठ होईस्तोवर माणूस बदलायचा.

मग सिरसाट मॅडमनी शनिवारी
दहा मिनिटं प्रेस बंद ठेवली. म्हणाल्या, बोला.
पहिले तीन शनिवार
नुसता पंख्याचा आवाज.
चौथ्याला उदगीरचा मैनोद्दीन, हातातली चिंधी पिळत :
"क्रेट डाव्या अंगाला हाय, म्याडम.
एका पाळीत दोन हजार बार वळतो मी.
घरी लेकरू हाक मारतंय तर मान फिरत न्हाई."

सोमवारी क्रेट उजवीकडे होता.
एवढंच. पगार तोच, चहा तसाच पाणचट.
ड्रॉवर मात्र दिवाळीपासून
सहज बंद होतोय.

गहिनीनाथ गेला तरी, पाटोद्याला,
आई अंथरुणाला खिळली म्हणून.
पण जाण्याआधी खिडकीशी आला,
कार्ड स्वतः दिलं, कारण स्वतः सांगितलं.
रकान्यात मावेना; मी समासात लिहिलं.

तेव्हा पहिल्यांदा दिसलं –
माझी खिडकी फार खाली आहे.
बोलायचं तर
माणसाला कमरेत वाकावं लागतं.

येत्या शनिवारी
हात वर करीन म्हणतो.